गच्चीवरच्या भाजीची हकीकत

वर्तकनगर, ठाणे
दि. 8 जून

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

गच्चीवर खरोखरच भाजी निघाली की नुसत्या कुंड्याच मांडल्या, असे तू फोनवर विचारलेस. आई मध्येच बोलू लागल्याने उत्तर अर्धवट राहिले, म्हणून सविस्तर लिहितो. भाजी निघाली, आणि मार्चअखेरपासून घरात रोज काय शिजायचे हे तुझ्या आईऐवजी गच्चीनेच ठरवले.

फेब्रुवारीत पेरलेली भेंडी दीड महिन्यात लागली. फूल पडल्यापासून पाच-सहा दिवसांत ती तोडावीच लागते, एरवी शिरा निबर होऊन सुरीलाही दाद देत नाहीत. त्यामुळे एक दिवसाआड तोडणी ठरलेली आणि प्रत्येक वेळी हाती येणार ती मूठभरच. एवढ्याशा भेंडीत चौघांचे भागत नाही, म्हणून आई कधी ती ताकात शिजवी, कधी चिंच-गूळ घालून रस वाढवी. पानातली भेंडी आजवर बाजूला सारणारा तुझा भाऊ आता कोवळी भेंडी झाडावरून तोडून तशीच कच्ची खातो. ताटात वाढली की मात्र अजूनही कुरकुरतो!

खरी मौज दुधीची. त्याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि वेलावर आधी बराच काळ नर फुलेच येतात; मादी फुलाच्या देठाशी बोटभर दुधी दिसतो, तेवढ्यावरून ते ओळखायचे. परागीकरण करणारे पतंग गच्चीवर फारसे येत नसावेत, कारण सुरुवातीचे कोवळे दुधी पिवळे पडून गळून गेले. मग आजीने ते काम स्वतःकडे घेतले. दिवेलागणीला नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, ती पराग हलकेच मादी फुलाच्या मध्यावर टेकवी, आणि त्या वेळी आम्हांला बोलण्याचीही मुभा नसे. पुढे दुधी इतके आले की भाजी, थालीपीठ आणि सालांची तीळ घालून केलेली चटणी एवढे होऊनही शेजाऱ्यांना वाटावे लागले.

टोमॅटोने मात्र एप्रिलमध्ये हात टेकले. दिवसा ऊन पस्तीस अंशांच्या वर आणि रात्रीही हवा गार नाही, अशा वेळी त्याची फुले फळ न धरताच गळतात. ते आम्ही मुकाट्याने जांभळी नाक्यावरून आणले. पैसे वाचवण्यासाठी हा उद्योग करावा असे मी कोणाला सांगणार नाही; ड्रम, माती, कोकोपीट आणि शेणखत यांच्या खर्चात वर्षाची भाजी आली असती. पण तोडल्यावर अर्ध्या तासात फोडणीत पडलेल्या गवारीची चव कोणत्याही बाजारात मिळत नाही, हेही तितकेच खरे.

पाणीकपातीच्या आठवड्यांत तांदूळ आणि डाळी धुतलेले पाणी बादलीत साठवून झाडांना घातले, आणि मातीवर वाळक्या पानांचा जाड थर पसरल्याने ओल टिकली. गळतीच्या भीतीने सोसायटीत कुरबूर झाली होती, पण ड्रम विटांवर ठेवून खाली ताटल्या मांडल्यावर ती शमली. येऊरच्या बाजूने येणाऱ्या माकडांवर मात्र अजून इलाज सापडलेला नाही. मिरचीला ती शिवत नाहीत, काकडी एकही ठेवत नाहीत.

दोन भेंड्या मुद्दाम झाडावरच वाळू दिल्या होत्या. त्यांचे बी पाकिटात घालून पाठवत आहे. पुण्याच्या तुझ्या गॅलरीत पाच-सहा तास ऊन येते, तेवढे पुरे. बी रात्रभर भिजवून एका कुंडीत दोन-तीन टोकून दे, आणि उगवल्यावर त्यातले जोमदार तेवढे एकच रोप ठेव. पानामागे मावा दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे दोन-चार थेंब मिसळून फवारावे, तेही उन्हात नव्हे, संध्याकाळी.

तुझा,
बाबा