मुगाचं पाणी प्या, गोळ्या सोडू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चिनी पद्धतीच्या मुगाच्या पाण्यावर मजकूर आला. उन्हाळ्यात चिनी घरांत मूग उकळून त्याचं पाणी पितात, हे अगदी खरं. पण त्याने शरीरातलं सगळं विष निघून जातं, साखर ताब्यात येते आणि मग गोळ्यांची गरज उरत नाही, हे पुढचं वाक्य छापायला नको होतं. मी नारायण पेठेत पथ्याचे डबे करते. तो मजकूर वाचून डबेवाल्या घरांतून फोन सुरू झाले, "काकू, उद्यापासून सकाळी फक्त मुगाचं पाणी द्या." एका आजोबांनी मधुमेहाची गोळी बंदही केली होती. त्यांच्या सुनेच्या वेळीच लक्षात आलं.

मला मूग फार प्रिय आहे, म्हणूनच हे लिहिते आहे. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातली एक मुलगी पुण्यात शिकत असताना माझ्याकडे जेवायला यायची. तिने तिच्या घरची पद्धत माझ्याच शेगडीवर करून दाखवली. हिरवे मूग सालीसकट धुवायचे, भरपूर पाण्यात झाकण ठेवून उकळायचे आणि दाणा फुटायच्या आत वरचं हिरवट पाणी ओतून घ्यायचं. उन्हाने जीव कासावीस होतो तेव्हा प्यायचं ते हे पाणी. तेच मूग पुढे शिजू दिले, दाणे फुटून घट्ट झाले आणि खडीसाखर घातली, की ते जेवणानंतरचं गोड होतं. तिच्याकडे त्यात समुद्री शेवाळ घालतात आणि उग्र वासाचा सतापही. आपल्या जुन्या घरांच्या परसात असायचा तोच सताप! बाकी चीनमध्ये मुगाच्या पिठाचे गोड केक होतात, मोडांची भाजी होते, आणि त्या काचेसारख्या पारदर्शक शेवया मुगाच्या सत्त्वाच्या असतात.

एक गोष्ट स्वयंपाकघरातच कळली. धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात हे सार हिरवं राहतं. टँकरचं जड पाणी वापरलं की तांबूस होतं. मूग खराब निघाले असं समजून ते ओतून देऊ नये. मुगाच्या सालीतली द्रव्यं क्षारयुक्त पाण्यात हवेशी संयोग पावून रंग बदलतात, इतकंच. चार थेंब लिंबू पिळलं की हिरवा रंग टिकतो.

आता औषधाचं. चिनी वैद्यक मुगाला गोड चवीचा आणि थंड प्रकृतीचा मानतं. उन्हाळी उष्णता, तहान, अंगावरचे फोड आणि लघवीची जळजळ यांवर तो देतात. हा थंडपणा मुख्यतः सालीत असतो, असं सोळाव्या शतकातले त्यांचे मोठे वैद्य ली शिझेन यांनी नोंदवलं आहे. म्हणून तिकडे या पाण्यासाठी मुगाची डाळ वापरत नाहीत, अख्खा मूग घेतात. आपलं कढण मात्र दुसऱ्याच कामाचं. तापातून उठलेल्या माणसाला आपण मुगाचं कढण गरम देतो, तुपात जिरं-हिंग आणि किसलेलं आलं घालून, म्हणजे अन्नावरची वासना परत यावी. चरकांनी सगळ्या कडधान्यांत मूग पथ्याला श्रेष्ठ सांगितला तो याच हलकेपणामुळे. डबे करताना मला हा फरक रोज उपयोगी पडतो: उन्हातान्हात फिरणाऱ्या तरुणाला चिनी पद्धतीचं गार पाणी, अशक्त म्हाताऱ्या माणसाला आल्याचं कढण. एकाला दुसऱ्याचं देऊन चालत नाही.

आणि इथेच आपल्या मजकुरात मोठी उणीव राहिली. हे पाणी कोणी पिऊ नये, हे त्याच परंपरेने सांगून ठेवलं आहे. ज्यांचं पोट थंड, ज्यांना वारंवार पातळ होतं, जे अशक्त आहेत, त्यांना तिथले वैद्य हे पाणी नको म्हणतात. शिवाय कोणी वैद्याचा काढा घेत असेल, तर काढ्याचा गुण कमी होईल म्हणून मूग टाळायला सांगण्याची तिकडे जुनी रीत आहे. औषध चालू असताना मुगाला आवरतं घेणाऱ्या परंपरेच्या नावाने आपण लोकांना औषध सोडायला सांगावं, हे मला अजिबात पटलेलं नाही.

चीनने याचा मोठा फटका सोसला आहे. २०१० साली झांग वुबेन नावाचा आहारगुरू टीव्हीवर फार गाजला. रोज अर्धा किलो मूग खाल्ले तर मधुमेह बरा होतो असं तो सांगत असे. वैद्यांच्या घराण्यातला म्हणून मिरवणारा हा माणूस कापडगिरणीतला माजी कामगार निघाला, आणि त्याच्याकडे आहारतज्ज्ञाची पात्रता नसल्याचं तिथल्या आरोग्य खात्याने जाहीर केलं. तोवर मुगाचे भाव कडाडले होते; त्यात दुष्काळाचा आणि साठेबाजीचाही हात होता. पण भावापेक्षा मला त्या रुग्णांची काळजी वाटते, ज्यांनी त्याच्या भरवशावर उपचार सोडले असतील.

मुगात गुण आहेतच. १०० ग्रॅम कोरड्या मुगात २२ ते २४ ग्रॅम प्रथिनं, भरपूर फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) आणि चोथा असतो. साखरही तो भातासारखी झपकन वाढवत नाही. सालीत व्हायटेक्सिन आणि आयसोव्हायटेक्सिन ही ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यं असतात. प्रयोगशाळेत त्यांच्यावर काम झालेलं आहे, पण म्हणून ती मधुमेहाच्या गोळीची जागा घेत नाहीत. मूत्रपिंडाच्या रुग्णांना तर माझी हात जोडून विनंती आहे. त्याच १०० ग्रॅममध्ये पोटॅशियम हजार मिलिग्रॅमच्या वर असतं, उकळताना ते पाण्यात उतरतं आणि दुबळ्या मूत्रपिंडाला ते नीट बाहेर टाकता येत नाही. डायलिसिसवरच्या माणसाने शुद्धीकरण म्हणून तांब्याभर मुगाचं पाणी प्यावं, याहून धोकादायक सल्ला नाही. माझ्या डब्यांत अशा रुग्णांसाठी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मी मूग घालतच नाही.

आणखी एक. विषबाधेवर मुगाचं पाणी पाजायचा जुना प्रघात चीनमध्ये आहे. आपल्या खेड्यांत कीटकनाशक पोटात जाण्याचे प्रसंग घडतात. तिथे क्षणही न दवडता रुग्णालय गाठायचं असतं, मूग शिजत ठेवायचे नसतात. हेही लिहायला हवं होतं.

येत्या रविवारी याच जागेवर एवढं तरी छापा, की मधुमेह, रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये. पुरवणीत लिहायला एखादी आहारतज्ज्ञ आणि एखादे वैद्य दोघांनाही बोलवा. दोघांचं म्हणणं शेजारी शेजारी आलं तर वाचकाला ठरवता येईल. मुगाचं पाणी आणि कढण यांच्या कृती हव्या असतील तर मी प्रमाणासकट लिहून देते, मानधन नको.

आपली नम्र,
पथ्याचे डबे करणारी एक वाचक,
नारायण पेठ, पुणे