नातवंडांच्या वळणाविषयी आई-बाबांना पत्र

इंदिरानगर, नाशिक

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की तो कधीच पुरा होत नाही. बाबांना अर्धे ऐकू येत नाही, आईचे दूध नेमके तेव्हाच उतू जाते आणि इकडे दोन्ही मुले, बोलणे आपल्याविषयी चालले आहे हे ओळखून, दाराआड कान लावून उभी असतात. म्हणून जे सांगायचे आहे ते लिहून पाठवत आहे. बाबांनी ते आईला मोठ्याने वाचून दाखवावे आणि जे पटणार नाही तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवावी, म्हणजे भेटीत त्यावर बोलता येईल.

बाबा, तुमची तक्रार अशी, की मुलांना शाळेतले सगळे येते, पण घरचे वळण म्हणून काही नाही; तिन्हीसांजेला दिवा लावला तरी ती जागची हलत नाहीत, आणि समर्थांनी जिथे बारा वर्षे तप केले ती टाकळी नाशिकमध्येच असूनही त्यांचा एक श्लोक त्यांना धड म्हणता येत नाही. हे मलाही खटकते. तुम्ही सुचवलेल्या शनिवारच्या संस्कारवर्गात दोघांची नावे घातली आहेत. पाठांतराने जीभ वळते, उच्चार सुधारतात आणि चार मुलांत मांडी घालून बसण्याची सवय लागते, एवढा लाभ मी नक्की धरते. माझी हरकत आहे ती सुटीत पाठ म्हणून दाखवलेल्या प्रत्येक श्लोकामागे दहा रुपये देण्याच्या तुमच्या बेताला. तुमचा फोन ठेवल्याबरोबर धाकट्याने मला सर्वांत लहान श्लोक कोणता, ते विचारले. अर्थ विचारला नाही.

बी.एड.ला असताना आम्हाला एक प्रयोग शिकवला होता. अमेरिकेत 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बालवाडीतली, मुळातच चित्रे काढण्याची आवड असलेली मुले घेतली होती. त्यांतल्या काहींना चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगून ते दिले, काहींना काहीच न सांगता शेवटी अचानक दिले आणि काहींना दिलेच नाही. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळात कोण आपणहून रंगांकडे वळते हे पाहिले, तेव्हा आधी ठरवून बक्षीस मिळालेली मुले मागे पडली होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. जर्मनीत लाइपझिग येथील संशोधकांनी 2008 मध्ये असेच काहीसे वीस महिन्यांच्या बाळांच्या बाबतीत दाखवून दिले. मोठ्यांच्या हातून पडलेली वस्तू ही बाळे आपणहून उचलून देतात; पण ज्यांना त्याबद्दल दर वेळी खेळणे मिळत गेले, ती नंतर इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. चांगल्या वागण्याला मजुरी लावली की मूल वागण्याकडे न पाहता मजुरीकडे पाहते, एवढाच माझा मुद्दा आहे. तेव्हा बाबा, द्यायचे तर जरूर द्या, आजोबांनी नातवंडांच्या हातावर काही ठेवू नये असे कोण म्हणेल. फक्त भाव आधी ठरवू नका. घंटागाडी आली की ओला आणि सुका कचरा वेगवेगळा नेऊन देणे हे आमच्या घरी धाकट्याचे काम आहे, आणि त्याचे त्याला काही मिळत नाही.

तुम्ही स्वतः आम्हाला कसे वाढवलेत, ते आठवून पाहा. नाशिकरोडच्या ज्या प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातात, तिथे तुमची सगळी नोकरी झाली. दिवसभर तुमच्या हाताखालून इतका पैसा जाई, की महिनाअखेरीस किराण्याची उधारी कशी भागवावी या विवंचनेतल्या आईला त्याचे हसू येई. प्रेसचा भोंगा झाला की आम्ही क्वार्टरच्या कट्ट्यावर येऊन तुमची वाट पाहत असू. तुमच्या पिशवीतून डबा निघे, कधी स्टेशनाजवळून घेतलेली भाजी निघे. पण प्रेसमधला एक कोरा कागद किंवा पेन्सिलीचा एक तुकडा कधी निघाला नाही. आम्ही गणिते सोडवली ती जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांवर. प्रामाणिकपणे वागावे, हे वाक्य तुमच्या तोंडून ऐकल्याचे मला आठवत नाही, आणि तरीही शाळेचा खडू घरी आणताना आजही माझा हात अडखळतो. माझ्यावर झालेला संस्कार म्हणाल तर तो हा आहे, आणि तो कोणत्याही वर्गात झालेला नाही.

मात्र त्यातही एक गोष्ट राहून गेली होती. गेटवर रोज तुमची झडती घेतात हे मला शाळेतल्या एका मैत्रिणीकडून कळले, आणि पुष्कळ दिवस मी मनात धरून बसले, की आपल्या बाबांवर कोणाचा तरी संशय आहे. मी विचारले नाही आणि तुम्ही सांगितले नाही. कॉलेजात गेल्यावर कधीतरी जेवताना विषय निघाला तेव्हा तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, ‘झडती होते म्हणून तर हिशेबात एखादे शीट कमी भरले तरी माझ्याकडे कोणी बोट दाखवत नाही.’ चोख माणसाला तपासणीचा राग येण्याचे कारण नसते, उलट तिचा आधारच असतो, हे मला त्या एका वाक्याने कळले. ते दहाव्या वर्षी ऐकायला मिळाले असते तर फार बरे झाले असते. त्यामुळे मी मुलांशी बोलते. जरा जास्तच बोलते, असे तुमच्या जावयांचे मत आहे. पण आधी घरातले वागणे आणि मग त्याचा खुलासा, हा क्रम मी सोडत नाही, कारण नुसता खुलासा मुले एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात.

आता आईकडे येते. आई, दिवाळीत धाकट्याच्या हातून तुझी लोणच्याची चिनी मातीची बरणी फुटली. ती जुनी होती, आजीच्या वेळची होती, तुला वाईट वाटणे साहजिक होते. पण तो ती तुझ्याचसाठी फडताळातून काढत होता, कारण तुझे गुडघे दुखतात असे तू नुकतेच म्हणाली होतीस. त्याच दुपारी थोरलीने न विचारता डब्यातले लाडू काढून खाल्ले आणि झाकण पुन्हा नीट बसवून ठेवले, तेव्हा तू हसलीस. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांनी 1932 च्या सुमारास लहान मुलांना नेमका हाच पेच घातला होता. एका मुलाच्या हातून दार उघडताना नकळत पंधरा कप फुटले, दुसऱ्याच्या हातून लपून मुरांबा काढताना एकच फुटला. तर अधिक वाईट कोण? लहान मुले म्हणत, पंधरा फोडणारा. जरा मोठी झालेली मुले हेतू पाहू लागत. म्हणजे नुकसानीवरून अपराध मोजणे हे कोवळ्या वयाला आपसूकच येते, आणि त्यातून बाहेर काढणे हे आपले काम असते. आपणच बरणीच्या किमतीप्रमाणे रागावलो, तर मूल त्यातच राहणार.

शिवाय भीतीचा एक वेगळाच परिणाम होतो. दिवाळीनंतर महिनाभराने माझ्याकडचा एक काचेचा पेला दिसेनासा झाला. तुळशीची माती उकरताना माझ्या बोटाला काच लागली, तेव्हा धाकट्याने तुकडे कुंडीत पुरून ठेवले होते हे समजले. कॅनडातील काही संशोधकांनी 2014 मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर केलेले काम मला या ठिकाणी फार उपयोगी वाटते. मुलाला एकटे बसवून मागे ठेवलेले खेळणे वळून पाहू नकोस असे सांगायचे, बहुतेक मुले पाहतातच, आणि मग गोष्ट सांगून खरे बोलण्यास सांगायचे, अशी त्यांची रीत होती. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट ऐकलेल्या मुलांवर तिचा काही परिणाम दिसला नाही. खोटे बोलल्यावर नाक लांबणाऱ्या लाकडी बाहुल्याची गोष्टही निरुपयोगी ठरली. उपयोग झाला तो बागेतले झाड तोडल्याचे कबूल करणाऱ्या आणि त्याबद्दल वडिलांची शाबासकी मिळवणाऱ्या मुलाच्या गोष्टीचा. त्यांनी त्याच गोष्टीचा शेवट बदलून शाबासकी काढून घेतली, तेव्हा तो उपयोगही गेला. आई, तुझ्याइतक्या गोष्टी आमच्या घरात कोणालाच येत नाहीत आणि मुले त्यांची वाट पाहतात. माझे मागणे एवढेच आहे, की खोटे बोललास तर देवबाप्पा डोळे फोडेल किंवा पोलीस नेईल, असे त्यात घालू नकोस. खरे सांगितल्यावर आजी जवळ घेते, हे त्याला दोन-चार वेळा अनुभवाने कळले तर कुंडीत काचा पुरण्याची वेळ येणार नाही.

मोबाइलविषयी तुम्ही दोघे जे म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. जेवताना तो स्वयंपाकघराबाहेर ठेवायचा हा नियम मोठ्यांनाही लावला आहे, आणि सर्वांत जास्त कुरकुर कोण करते ते मी लिहीत नाही.

यापुढचे लिहिताना जरा संकोच वाटतो. मध्यंतरी मुलांना पंचवटीत घेऊन गेले होते. रामकुंड पाहून काळारामाच्या दर्शनाला गेलो, तिथे मी त्यांना रामाच्या वनवासाबरोबर मंदिराच्या दारातला सत्याग्रहही सांगितला. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला, दिंडोरीकडचे दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते, आणि दर्शनाला आलेल्या माणसांसाठी दारे बंद ठेवली गेली. लढा काही वर्षे चालला, आणि 1935 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. थोरलीने सगळे शांतपणे ऐकून घेतले. परतताना रिक्षात तिने विचारले, ‘आजीकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा कप खिडकीत वेगळा का ठेवलेला असतो?’

आई, तुझा मान कमी होईल असे मला बोलायचे नव्हते आणि तिला खोटेही सांगायचे नव्हते. आजीला लहानपणापासून तसे शिकवले गेले, मला ते बरोबर वाटत नाही आणि मी आजीशी बोलेन, असे मी सांगितले. ते बोलणे हेच आहे. त्या चार घरची भांडी घासतात म्हणून स्वच्छतेसाठी कप वेगळा, हे तुझे म्हणणे मला ठाऊक आहे; परंतु ज्या हातांनी घासलेल्या ताटात आपण सगळे जेवतो, त्या हातांनी धरलेला कप विटाळतो कसा, याचे उत्तर मला मुलीला देता येत नाही. बाळंतपणात माझ्या उशाशी रात्रभर त्याच मावशी बसल्या होत्या आणि तू त्यांना लुगडे नेसवून पाठवलेस, हेही मुलीला मी सांगितले आहे, कारण तुझ्या मनातला ओलावा तिला कळायला हवा. पण तिच्या डोळ्यांसमोर कप आहे. सर्वांच्या ठायी एकच देव आहे असे तिने शनिवारच्या वर्गात सुरात म्हणावे आणि सुटीत आजोळी येऊन खिडकीतला कप पाहावा, तर दोहोंपैकी ती कशावर विश्वास ठेवील? मी तुझ्यावर जबरदस्ती करणार नाही. तुझे घर, तुझी रीत. मात्र माझ्या घरी कप एकच राहणार आहेत, आणि तू इकडे आलीस तेव्हा आमच्याकडच्या ताई तुझ्याच शेजारी बसून चहा पितील. तेव्हा उठून जाऊ नकोस, एवढी विनंती आहे.

या सुटीत मुलांना सिन्नरला पाठवण्याऐवजी तुम्हीच नाशिकला या, असे आम्हा दोघांना वाटते. थोरलीला नोटेवर क्रमांक कसा पडतो आणि खराब निघालेल्या शीटचे काय करतात हे बाबांना विचारायचे आहे. सांगण्यासारखे असेल तेवढे सांगा, आणि झडतीचेही सांगा, कारण ते माझ्याकडून ऐकण्यापेक्षा तुमच्याकडून ऐकणे निराळे. धाकट्याला भाकरी थापायची आहे. मुलगा आहे म्हणून आई त्याला परातीपासून उठवणार नाही, असे मी त्याच्या वतीने गृहीत धरले आहे. श्लोकही ऐकाल, दिवेलागणीला थोरली आता दोन म्हणते, धाकटा मधूनच सूर मिळवतो. एसटीने आलात तर द्वारकेला उतरा आणि तिथूनच फोन करा, मी गाडी घेऊन येईन. उन्हात रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत उभे राहू नका.

कळावे,
तुमची लेक