गुरुवारची सुट्टी विचारणाऱ्या मॅडमना

मॅडम,

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं, चार माणसं आणि पाचवा मी. डिस्पॅच, हिशेब, वेळ पडली तर झाडू, सगळं त्या पाचव्याकडे. लघुउद्योजकांच्या प्रशिक्षणाची जाहिरात दिसली की मी आधी वार बघतो. आमच्याकडे सुट्टी गुरुवारी, रविवारी मशीनं चालू. टपरीवर चहा देणाऱ्या पोरालाही हे पाठ आहे.

तुमच्याआधी ज्या इन्क्युबेटरात, म्हणजे उद्योजकांना शिकवणाऱ्या केंद्रात गेलो, त्यांना नव्हतं. सगळे वर्ग रविवारी, दहा ते पाच. एक वर्ग पुढे ढकलला तो नेमका पालख्या पुण्यात येण्याच्या दिवशी, तोही शिवाजीनगरला! शेवटचा २० तारखेला, म्हणजे जीएसटीआर-३बी, जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायच्या शेवटच्या दिवशी. विषय होता वेळेचं नियोजन. दोन वर्ग बुडले तेव्हा तिथले साहेब म्हणाले, "तुम्हाला शिकायचंच नाहीये." ते अजून खुपतं.

म्हणून तुमच्या प्रशिक्षणासाठी तुमचा फोन आला तेव्हा मी नाही म्हणायच्याच तयारीत होतो. तुम्ही विचारलंत, "तुमची सुट्टी कुठल्या वारी असते?" मला क्षणभर काही बोलताच येईना.

पहिल्या दिवशी सही करताना तुमची वही पाहिली. माझ्या नावापुढे पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'गुरु. चालेल, २० नको.' बेकरीवाल्या ताईंच्या नावापुढे, 'दुपारी १ नंतर.' पेन्सिल का, विचारलं तर म्हणालात, "ऑर्डरी बदलल्या की तुमच्या वेळा बदलणार, खोडायला बरं."

शिकलो बरंच, पण खरा उजेड पडला तो कॉस्टिंगच्या वर्गात. इतकी वर्षं मी फक्त सायकल टाइमवर, म्हणजे एक नग मशीनवर व्हायला लागणाऱ्या वेळेवर, नगाचा दर सांगत होतो. ५० नगांच्या लॉटला आधी मशीन जुळवण्यात, म्हणजे सेटिंगला, दोन तास जायचे, ते माझ्याच खिशातून. आता सेटिंगचे वेगळे लावतो. एक गिऱ्हाईक गेलं. जाऊ दे. दुसरं म्हणजे लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यातले ते ४५ दिवस. करारात काहीही लिहिलं तरी आमच्यासारख्यांचे पैसे त्याहून जास्त अडवता येत नाहीत, अडवले तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. बड्या कंपनीला तसं पत्र धाडायची हिंमत अजून झालेली नाही. पण प्रत्येक बिलावर ४५ वा दिवस लिहून ठेवतो. पेन्सिलीनंच.

माझी आई हळदीकुंकवाला शेजारच्या बाईंना बोलावताना आधी विचारायची, "शाळा किती वाजता सुटते तुमची?" बोलावणं याला म्हणतात. बाकीच्या असतात त्या नोटिसा.

खंडेनवमीला मशीनची पूजा असते, पेढे घ्यायला या. दिवस तुम्हाला जमेल की नाही, माहीत नाही. गुरुवार आमच्यासाठी, रविवार त्या ताईंच्या तुकडीसाठी, मधले दिवस ऑफिस. तुमची सुट्टी कुठल्या वारी असते, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही.

आपला,
भोसरीचा एक विद्यार्थी