प्रयोगशाळेचं कुलूप काढा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या बजेटमध्ये पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतःच्या हाताने वस्तू बनवून, प्रयोग करून शिकायच्या प्रयोगशाळा, सरकारी शाळांत काढायचं जाहीर झालं, ऐकून खरंच आनंद झाला. पण आहे त्या प्रयोगशाळांचं काय?

माझी भाची दहावीला आहे. प्रयोगवही बघाल तर एकदम सुबक, आकृत्या पेन्सिलीने, निरीक्षणं, निष्कर्ष सगळं लिहिलेलं, पण निळा लिटमस अॅसिडमध्ये लाल होतो हे पोरीने डोळ्यांनी कधी बघितलेलंच नाही, फळ्यावरून उतरवून घेतलंय नुसतं. परीक्षानळ्या कपाटात आहेत हो, फुटल्या तर भरून कोण देणार म्हणून कुलूप! मग घरीच हळदीच्या पाण्यात साबण टाकून दाखवला, पाणी लालभडक झालं, वर लिंबू पिळलं की परत पिवळं, तर तिने लगेच सोडा, ताक, चिंच सगळं काढलं आणि संध्याकाळपर्यंत तेच चाललं होतं.

आपल्याच राज्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश असलेली रेडिओ दुर्बीण आहे, मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून याच विषयावर काम करतंय. म्हणजे माणसं आहेत, ज्ञान आहे, खेड्यातल्या वर्गापर्यंत पोचत नाही एवढंच.

शिक्षण विभागाने फुटतुटीसाठी दरवर्षी थोडा निधी द्यावा आणि फुटलेल्या काचेचे पैसे शिक्षकांकडून घेऊ नयेत, हे याच जूनपासून करता येईल.

– एक पालक, जुन्नर तालुका