बंद दालनाचे शुल्क व चुकीच्या माहितीफलकांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : शालेय सहलीच्या दिवशी बंद असलेल्या दालनाचेही शुल्क आकारल्याबाबत आणि संग्रहालयातील चुकीच्या माहितीफलकांबाबत.

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील एका जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेत शिक्षिका असून यंदाच्या शैक्षणिक सहलीची जबाबदारी माझ्याकडे होती. आपली कंपनी चालवीत असलेल्या खेळांच्या इतिहासाच्या संग्रहालयासाठी मी सहावी-सातवीचे ३८ विद्यार्थी आणि ३ शिक्षक यांची नोंदणी तीन आठवडे आधी केली होती. विद्यार्थ्यांचे प्रत्येकी २०० रुपये, शिक्षकांचे प्रत्येकी ३०० रुपये आणि मराठी मार्गदर्शकाचे वेगळे १,२०० रुपये असे एकूण ९,७०० रुपये आपण नोंदणीच्या वेळीच भरून घेतले. यातला बराचसा पैसा पालकांनी कापूस वेचणीच्या मजुरीतून बाजूला काढलेला होता, म्हणून त्याचा हिशेब मागणे मला माझे काम वाटते.

आपल्या माहितीपत्रकात पटावरचे खेळ, पत्ते, मैदानी खेळ आणि व्हिडिओ गेम अशी चार दालने दिलेली आहेत आणि 'प्रत्येक दालनात प्रत्यक्ष खेळण्याची सोय' असे ठळक छापलेले आहे. हे वाक्य वाचूनच आम्ही दुसरी ठिकाणे सोडून हे ठिकाण निवडले. पहाटे चार वाजता एसटीने निघून, मुलांच्या पिशव्यांत भाकर आणि ठेचा बांधून आम्ही साडेअकराला आपल्या दारात पोहोचलो, तेव्हा तिकीट खिडकीवर आम्हाला सांगण्यात आले की मैदानी खेळांचे दालन आणि त्यामागचे खेळण्याचे अंगण दुरुस्तीसाठी दहा दिवसांपासून बंद आहे. नोंदणीच्या वेळी माझा भ्रमणध्वनी क्रमांक आपण दोनदा लिहून घेतला होता आणि जाहिरातीचे संदेश त्यावर आजही नियमित येतात, परंतु दालन बंद असल्याचा संदेश मात्र त्या दहा दिवसांत एकदाही आला नाही. शुल्क कमी करण्याची विनंती केली असता 'तिकीट संपूर्ण इमारतीचे असते' असे उत्तर मिळाले.

हे दालन आमच्यासाठी मुख्य होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती आणि त्यांत हुतुतूही होता, हे मी मुलांना आठवडाभर आधीपासून सांगत होते. अमरावती आमच्या शेजारच्या जिल्ह्याचे ठिकाण आहे, त्यामुळे मुलांना त्याचे फारच कौतुक वाटले होते. त्या काळाविषयीचे काही पाहायला मिळेल या आशेने गेलेल्या मुलांना कुलूप लावलेल्या दारावरचा कागद तेवढा वाचता आला.

आता जी दालने उघडी होती त्यांविषयी. पटावरच्या खेळांच्या दालनात मध्यभागी पचीसीचे टेबल आहे. त्यावर अधिक चिन्हाच्या आकाराचा पट रंगवलेला आहे, पण त्यावर ठेवलेल्या सोंगट्या लुडोच्या प्लॅस्टिकच्या आहेत, सोबत सहा बाजूंचा एकच ठोकळा फासा आहे आणि या सगळ्या वस्तू टेबलाला चिकटवून टाकलेल्या आहेत. आमच्या सातवीतल्या एका मुलीच्या घरी आजीचा जुना कापडी पट आहे. तिने तिथेच मला विचारले, "मॅडम, हे त आमच्या आजीच्या पटावानीच हाय, पण कवड्या कोठी हायेत?" तिच्या प्रश्नाचे उत्तर टेबलाजवळच्या फलकावर असायला हवे होते. त्या फलकावर मात्र पचीसी म्हणजे 'लुडोचा भारतीय प्रकार' असे लिहिलेले आहे.

महोदय, खेळांच्या इतिहासाला वाहिलेल्या संग्रहालयाने बापाला मुलाचे नाव लावणे हा छपाईतला किरकोळ दोष मानता येणार नाही. लुडोचे पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ साली घेतले गेले आणि तो खेळ पचीसीवरूनच बेतलेला आहे. पचीसीच्या प्रत्येक बाहूवर आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चारही बाहू मिळून ९६ घरे असतात. दान कवड्यांनी पाडतात, आणि सहा कवड्यांच्या खेळातले सर्वांत मोठे दान पंचवीसचे असल्यामुळेच खेळाला हे नाव पडले. फत्तेपूर सिक्रीच्या राजवाड्याच्या प्रांगणात फरसबंदीवर पचीसीचा भला मोठा पट आजही पाहायला मिळतो. ज्या घरात कवड्या नाहीत तिथे आमच्याकडे बाया चिंचोके फोडून त्यांवर खेळतात, तेव्हा कवड्या मिळाल्या नाहीत ही सबबही आपल्याला सांगता येणार नाही.

विटीदांडूचा फलक त्याच दालनाच्या कोपऱ्यात, बहुधा बंद दालनातून आणून, भिंतीला टेकवून ठेवलेला होता. त्यावर 'वकट, लेंड, मूंड' या मोजणीच्या शब्दांना 'मुलांनी गंमत म्हणून केलेले निरर्थक शब्द' म्हटले आहे. तेलुगूत एक, दोन, तीन म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु. आमच्या जिल्ह्याची हद्द तेलंगणाला लागून आहे आणि सीमेकडच्या गावांत हे आकडे रोज कानावर पडतात. मराठी मुलांच्या खेळात शेजारच्या भाषेचे आकडे मुरलेले आहेत, ही खरे तर त्या फलकावर सर्वांत वर लिहिण्यासारखी गोष्ट होती, आणि आपण तीच निरर्थक ठरवली.

पत्त्यांच्या दालनात माहितीपत्रकात दाखवलेला सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा नव्हता. दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे १२० गोल पत्ते मुलांना पाहायचे होते. तिथे त्यांतल्या चार पत्त्यांची लॅमिनेट केलेली छायाचित्रे टांगलेली आहेत. 'उरचा राजेशाही खेळ' या प्राचीन पटावरच्या खेळाची वीस घरांची प्रतिकृती सुबक आहे, हे मान्य करते, परंतु तिच्याखाली इजिप्त लिहिले आहे आणि उर हे प्राचीन शहर आजच्या इराकमध्ये येते.

मार्गदर्शक म्हणून दिलेल्या तरुणाला मराठी येत नव्हते. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही, कारण त्याने हिंदीतून जमेल तेवढे सांगितले आणि मुलांशी तो आपुलकीने वागला. तक्रार आहे ती मराठी मार्गदर्शकाचे पैसे घेऊन त्याला पाठवणाऱ्यांविषयी. शेवटी राहिले व्हिडिओ गेमचे दालन. ते पूर्ण सुरू होते आणि तिथले प्रत्येक टोकन ३० रुपयांचे होते. नऊ मुलांनी घरून खर्चाला मिळालेले सगळे पैसे तिथे संपवले. ते पैसे मी मागत नाही, कारण मुले निदान तिथे तरी खेळली.

प्रवेशाचे एकूण ८,५०० रुपये आम्ही भरले होते. मैदानी दालन बंद होते आणि पटांच्या दालनात खेळण्याची सोय नव्हती, म्हणजे चारपैकी दोन दालनांत आम्हाला कबूल केलेले मिळाले नाही. त्यामुळे प्रवेश शुल्काची निम्मी रक्कम ४,२५० रुपये आणि मार्गदर्शकाचे पूर्ण १,२०० रुपये, असे ५,४५० रुपये शाळेच्या सहल खात्यात परत करावेत. तसेच पचीसी, विटीदांडू आणि उर या तिन्ही फलकांवरचा मजकूर दुरुस्त करून दुरुस्त फलकांची छायाचित्रे शाळेला पाठवावीत, म्हणजे मुलांनी वहीत उतरवून आणलेली चूक मला वर्गात आपल्याच फलकावरून खोडता येईल.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार दाखल करता येते, हे मी पाहून ठेवले आहे. तरीही तिथवर जाण्याची मला हौस नाही, कारण त्यासाठी माझ्या शाळेचे दिवस मोडतात.

पावती, माहितीपत्रकाची प्रत आणि तिन्ही फलकांची मोबाईलवर काढलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपली,
सहल प्रमुख शिक्षिका
जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ