कच्चेपणाला नावं ठेवू नका

महोदय,
गावातल्या एखाद्या नव्या इमो पंक (मनातल्या भावना उघड मांडणारं पंक रॉक) बँडबद्दल लिहिताना ‘पोरं अजून कच्ची आहेत’ असा शेरा सर्रास मारला जातो. तो मला अजिबात पटत नाही. या संगीताचा जन्मच कच्चेपणातून झाला. वॉशिंग्टनमध्ये ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ हा बँड 1984 साली उभा राहिला, त्याचा अल्बम 1985 मध्ये आला, आणि दोनेक वर्षांत बँड मोडलाही. पण हार्डकोर पंकच्या, म्हणजे वेगवान आणि आक्रमक पंक रॉकच्या, धबडग्यात मनातली घालमेल उघडपणे गाता येते, हे त्यांनी दाखवून दिलं.

त्याआधी 1980 मध्ये तिथल्याच ‘टीन आयडल्स’ या बँडच्या पोरांनी कार्यक्रमांतून साठवलेल्या पैशांतून स्वतःची रेकॉर्ड काढली. तिची पाकिटं त्यांनी हातानेच कापून, घड्या घालून चिकटवली! त्यातूनच ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’ ही कंपनी सुरू झाली, ती नंतर अनेक बँडना आधार ठरली.

अशा नव्या बँडची खरी अडचण जागेची असते. कार्यक्रम बहुतेक बारमध्ये, आणि वाजवणारे-ऐकणारे निम्मे अल्पवयीन. त्या काळी अशा मुलांच्या हातावर मार्करने मोठी फुली मारून त्यांना आत सोडत. फुली दिसली की दारू मिळत नसे. इतका साधा उपाय! म्हणून सभागृहं चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, महिन्यातली एक संध्याकाळ सर्व वयांच्या श्रोत्यांसाठी राखून ठेवा. आणि समीक्षकांनी निदान दुसऱ्या अल्बमपर्यंत तरी थांबावं.

– एक वाचक