आदल्या दिवसांचा पाऊसही छापा

महोदय,

दरड कोसळली की बातमीत ‘अतिवृष्टीमुळे’ असा शब्द येतो आणि विचारपूस तिथेच थांबते. माझी सारी नोकरी घाटरस्त्यांच्या कामावर झाली, म्हणून हे पत्र.

उतारावर वरती माती, तिच्याखाली कुजलेल्या खडकाचा मुरूम आणि तळाशी कातळ असतो. पाणी मुरत जाते आणि कातळाशी अडते. मुरमातल्या पोकळ्या भरल्या की आतला दाब वाढतो, कणांची पकड सुटते. सह्याद्रीत तर बेसाल्टच्या दोन थरांमध्ये जागोजागी लाल मातीचा पट्टा सापडतो; तो भिजला की वरचा भाग घसरायला वाटच मिळते. शेवटच्या रात्रीचा पाऊस हे निमित्त असते. उतार त्याआधीच भिजून जड झालेला असतो. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत त्या भागात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता.

यात आपली भर पडते. रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापतात, वरून येणारा ओहोळ भराव घालून बुजवतात. संरक्षक भिंतीत पाणी निघायला भोके ठेवलेली असतात, पण ती मातीने गच्च भरलेली मी कितीदा पाहिली आहेत! मग ती भिंत पाणी अडवणारा बांध होते. झाडे तोडल्याचा परिणामही लगेच दिसत नाही. मुळे कुजायला काही वर्षे जातात आणि तोड विसरली गेल्यावर उतार सुटतो. मात्र खोलवरून सरकणारी दरड नुसत्या वृक्षारोपणाने थांबत नाही, हेही सांगायला हवे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे १:५०,००० प्रमाणात आहेत. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. त्यात एखादी वाडी ठिपक्याएवढीच उरते, म्हणून प्रत्येक वाडीच्या वरचा उतार पावसाळ्याआधी कोणीतरी चालत जाऊन पाहिलाच पाहिजे. माथ्यावर नवी भेग, कललेले खांब, एकाएकी गढूळ झालेला किंवा आटलेला झरा दिसला, तर पाऊस ओसरण्याची वाट न पाहता माणसे हलवावीत.

आपल्याला विनंती एकच. पावसाळ्यात चोवीस तासांच्या आकड्याशेजारी घाटमाथ्याच्या तालुक्यांचा मागील तीन आणि सात दिवसांचा एकूण पाऊसही रोज छापावा. तलाठी, सरपंच, शाळामास्तर तो वाचतील, आणि वाडी कधी रिकामी करायची हे ठरवताना त्यांच्या हाती काही आधार असेल.

आपला,
रस्ते बांधकामातील एक निवृत्त कर्मचारी